ओजेटीचं, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगचं पोर्टल पहिल्यांदाच सांभाळताय? नागपुरातल्या नव्या समन्वयकांसाठी

"मी तं रोज जात होती, मॅडम. एक खाडा नाही केला."

गेल्या वर्षीचा जून संपत आला होता. एम.कॉम.ची एक विद्यार्थिनी माझ्या टेबलासमोर उभी होती. हातात हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं प्रमाणपत्र, त्यावर लेखा विभागाचा गोल शिक्का, सही आणि '१२० तास पूर्ण' असा स्पष्ट शेरा. माझ्या स्क्रीनवर मात्र तिच्या नावापुढं ७२ तास.

कारण शोधायला अर्धा तास लागला. ती १२ मे रोजी रुजू झाली होती. तिची मंजुरीची विनंती त्याच दिवशी पोर्टलवर माझ्याकडं आली होती, पण 'प्रलंबित' यादीच्या दुसऱ्या पानावर. मी रोज पहिलंच पान बघत होते. कामाचे आठ दिवस उलटल्यावर मी मंजुरी दिली आणि पोर्टलनं तिची रोजच्या कामाची डायरी मंजुरीच्या तारखेपासून उघडली. रोजचे सहा तास धरले तर ४८ तास गेले. मागच्या तारखेची नोंद घ्यायची सोय नव्हती. जुलैत ती पोरगी पुन्हा आठ दिवस त्याच कारखान्यात गेली, लोकमान्य नगरपर्यंत मेट्रोनं आणि पुढं ऑटोनं. चूक तिची नव्हती, माझी होती.

त्यानंतर मी या कामाची एक वही केली. आता कुठल्या ना कुठल्या कॉलेजातल्या नव्या समन्वयकाचा फोन येतो आणि मी त्या वहीतून वाचून दाखवते. तेच इथं सविस्तर लिहिते. विद्यार्थ्यांचं नुकसान होतं ते बहुतेक पहिल्या दहा दिवसांत, आणि कळतं शेवटच्या आठवड्यात. म्हणून सुरुवातीच्या पायऱ्यांवर मी जास्त लिहिलं आहे. तुमच्या विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त कॉलेजच्या पोर्टलवर बटणांची नावं वेगळी असतील, पण कामाचा क्रम साधारण हाच राहतो.

१. आधी तास मोजा, मग पोर्टल उघडा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलं. पदवीच्या आराखड्यात ते सहाव्या सत्रात आहे. इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे ४ क्रेडिटला १२० तास.

हे १२० तास कॅलेंडरवर मांडून बघा. रोज सहा तास धरले तर २० दिवस, आठ तास धरले तर १५, आणि मुलं सकाळी कॉलेज करून दुपारी चारच तास जाणार असतील तर ३० दिवस. त्यातून रविवार वगळा, १४ एप्रिल वगळा, १ मे वगळा. विद्यापीठानं गुण भरायची शेवटची तारीख दिली असेल तर तिथून उलटं मोजत या आणि त्यात किमान दहा दिवसांची मोकळी जागा ठेवा. कुणी आजारी पडतं, कुणाच्या घरी लग्न असतं, कुठला कारखाना मध्येच आठवडाभर बंद राहतो.

ही तारीख मुलांना पहिल्याच बैठकीत सांगा आणि फळ्यावर लिहा. 'मे महिन्यात करू' एवढंच ऐकून गेलेली मुलं मेच्या २० तारखेला जागा शोधायला लागतात.

२. विद्यार्थ्यांची यादी: नाव, एबीसी आयडी आणि एक्सेलचा घोळ

सगळ्यांत कंटाळवाणी पायरी हीच, आणि सगळ्यांत जास्त त्रासही हिच्यातूनच होतो.

प्रत्येक विद्यार्थ्याचा अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे एबीसीचा १२ अंकी आयडी लागतो. तो डिजिलॉकरमधून निघतो आणि आधारवरून बनतो. आता आपल्याकडं आधारवर 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव' असतं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, कधी पुढं आईचं नावही जोडलेलं असतं. लग्न झालेल्या मुलींच्या आधारवर सासरचं आडनाव आणि विद्यापीठाच्या नोंदीत माहेरचं. 'मेश्राम'चं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं. माणसाला ही एकच व्यक्ती आहे हे लगेच कळतं, पण संगणकासाठी त्या दोन व्यक्ती असतात आणि क्रेडिट अडकून पडतं.

त्यामुळं मी फेब्रुवारीतच मुलांना बोलावते. प्रत्येकानं आधार, मागच्या सत्राची गुणपत्रिका आणि डिजिलॉकरमधली एबीसीची स्क्रीन असं तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून स्वतः वाचायचं. जिथं फरक असेल तिथं लाल पेनानं खूण. आधारमधली दुरुस्ती होऊन यायला वेळ लागतो, त्यासाठीच फेब्रुवारी.

मग येतो एक्सेल. यादी एकदम अपलोड करायची सोय बऱ्याच पोर्टलवर असते आणि ती वापरावीच. पण एक्सेलमध्ये १२ अंकी आयडी साध्या रकान्यात टाकला की तो १.२३४५७ई+११ असा दिसायला लागतो. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की पुढचे अंक कायमचे गेले. सोळा अंकी पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, असेल तर आणखी वाईट, कारण एक्सेल पंधराच अंक धरतं आणि शेवटचा अंक गुपचूप शून्य करून टाकतं. यादी दिसायला अगदी ठीक दिसते, आणि सगळ्यांचा पीआरएन शून्यानं संपलेला असतो.

उपाय सोपा आहे. आकडे टाकण्याआधी तो पूर्ण रकाना 'टेक्स्ट' करा, मग पेस्ट करा. अपलोड झाल्यावर यादीतले पहिले तीन, मधले तीन आणि शेवटचे तीन विद्यार्थी पोर्टलवर उघडून मूळ कागदाशी ताडून पाहा.

तारखांचंही तसंच. काही संगणकांवर महिना आधी आणि दिवस नंतर अशी मांडणी असते. ५ जूनची ६ मे होते. फाइलमध्ये महिना अक्षरांत लिहिता येत असेल तर अक्षरांतच लिहा.

३. जागा: कुठं पाठवायचं आणि कुठं नाही

नागपुरात जागांची वाण नाही. बुटीबोरी, हिंगणा आणि कळमेश्वरची एमआयडीसी आहे, मिहान आहे. वाणिज्यच्या मुलांना धरमपेठ-रामदासपेठेतली सीएंची ऑफिसं, इतवारी-गांधीबागेतले घाऊक व्यापारी, कळमन्याची बाजार समिती. विज्ञानाच्या मुलांसाठी पर्यावरण संशोधन करणारी नीरी, वर्धा रोडची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडवरची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आणि मृदा सर्वेक्षणाचं कार्यालय. कोळशाच्या खाणींची वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मँगनीजची मॉईल या दोघांचीही मुख्यालयं याच शहरात आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अजब बंगल्यात, मध्यवर्ती संग्रहालयात नोंदणीचं काम मिळालं तर त्याहून चांगलं काय!

पण सरकारी आणि संशोधन संस्थांचं गाडं हळू चालतं. अर्ज, शिफारसपत्र, विभागप्रमुखाची संमती, मग प्रवेशपत्र. तिकडं पाठवायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच पत्र गेलं पाहिजे. एप्रिलमध्ये जाग आलेल्यांसाठी खासगी जागाच उरतात.

मुलं स्वतः शोधून आणतात ती जागा खरी आहे का, हे बघणं तुमचं काम. मी असं करते:

जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तो तपासता येतो. क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. तिथं आस्थापनेचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली हे दिसतं. जीएसटी नसेल म्हणून जागा नाकारू नका. छोट्या व्यवसायांना ती नोंदणी लागत नाही. त्यांच्याकडं गुमास्ता (दुकानाची) किंवा उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी मागा. अगदी लहान दुकानांकडं गुमास्ता नोंदणीऐवजी फक्त सूचना दिल्याची पावती असते, तीही चालते.

मग फोन करा. विद्यार्थ्यानं दिलेल्या नंबरवर करू नका, पाटीवरच्या, बिलावरच्या किंवा पोर्टलवर सापडलेल्या नंबरवर करा. "आमची एक मुलगी आपल्याकडं येणार आहे, ती नेमकं काय काम करेल?" एवढाच प्रश्न विचारा. खऱ्या जागेचा माणूस लगेच सांगतो: खरेदीची बिलं टाकेल, गोडाऊनचा स्टॉक मोजेल, बँकेचा ताळमेळ लावेल. जिथं "हो हो, करून घेऊ, सर्टिफिकेट देऊन टाकू" असं उत्तर येतं तिथं मी मुलं पाठवत नाही.

आणि पैसे घेऊन घरबसल्या प्रमाणपत्र देणारे. त्यांचे संदेश मुलांच्या फोनवर रोज येतात. दोन-तीन हजार भरा, पंधरा दिवसांत 'इंटर्नशिप' पूर्ण. गरीब घरची मुलंही घाबरून भरतात. पहिल्या बैठकीत ठणकावून सांगा की कॉलेज अशी प्रमाणपत्रं मान्य करणार नाही, आणि मग खरंच करू नका. एकाला सूट दिली की पुढच्या वर्षी वीस येतात.

आणखी एक गोंधळ दरवर्षी होतो. मुलं पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा किंवा मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा फॉर्म भरून येतात आणि 'माझं ओजेटी लागलं' म्हणतात. पंतप्रधान योजना २०२४ मध्ये सुरू झाली ती २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण न घेणाऱ्यांसाठी आणि १२ महिन्यांची होती. मुख्यमंत्री योजनाही शिक्षण संपवून रोजगार शोधणाऱ्यांसाठी. अॅप्रेंटिसशिप हा १९६१ च्या कायद्याखालचा रीतसर करार असतो. तुमच्या मुलांचं ओजेटी या तिन्हींपेक्षा वेगळं आहे, हे एका कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावा.

४. लागणारी कागदपत्रं

प्रत्येक विद्यार्थ्यामागं एवढं तयार हवं:

- कॉलेजचं शिफारसपत्र, जावक क्रमांकासह
- आस्थापनेचं स्वीकृतिपत्र लेटरहेडवर. त्यात विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, सुरुवातीची तारीख, रोजचे तास, विभाग आणि तिथल्या मेंटॉरचं, म्हणजे काम शिकवणाऱ्याचं, नाव-हुद्दा
- आस्थापनेच्या नोंदणीचा एखादा पुरावा
- विद्यार्थ्याचं ओळखपत्र आणि एबीसी आयडी
- पालकांचं संमतिपत्र. मुलगा-मुलगी सज्ञान असली तरी मी घेते, कारण घरी माहीत असलेलं बरं
- अपघात विम्याचा पुरावा
- रुजू झाल्याचा अहवाल, पहिल्या दिवसाच्या सहीसह

विम्याबद्दल थोडं थांबून सांगते. कॉलेजचा सामूहिक विमा असेल तर उत्तमच. नसेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजना बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत मिळते आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचं संरक्षण देते. तिचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. आपल्या मुलांचं ओजेटी नेमकं याच तारखेवरून ओलांडतं! मेच्या शेवटी खात्यात २० रुपये शिल्लक नसतील तर १ जूनपासून पोरगं विम्याशिवाय मशीनसमोर उभं असतं. २५ मेच्या सुमारास गटावर आठवण टाका.

आधारची झेरॉक्स आणि फोटो मात्र व्हॉट्सअॅप गटावर मागवू नका. एकेकाकडून ई-मेलवर किंवा हातात घ्या.

५. पोर्टलवरची नोंद आणि मंजुरी

विद्यार्थी आपल्या लॉगिनमधून आस्थापना, पत्ता, मेंटॉर, सुरुवात-शेवटच्या तारखा आणि रोजचे तास भरतो, स्वीकृतिपत्र जोडतो आणि 'सबमिट' करतो. ते तुमच्याकडं येतं. तुम्ही मंजूर करता, परत पाठवता किंवा नाकारता. मंजुरीनंतर डायरी उघडते.

माझा नियम आता एकच आहे: मंजुरी आधी, कारखान्याचं गेट नंतर. मुलांना मी लेखी सांगते की पोर्टलवर 'मंजूर' दिसल्याशिवाय कामावर जायचं नाही, आणि त्या बदल्यात मी ४८ तासांत प्रत्येक विनंती बघते. मार्च ते मे रोज सकाळी साडेदहाला, पहिला तास सुरू होण्याआधी, 'प्रलंबित' यादी उघडते. एका पानावर दहाच नावं दिसत असतील तर ती संख्या शंभर करून ठेवा, किंवा निदान शेवटच्या पानापर्यंत जा.

मंजूर करण्याआधी चार गोष्टी ताडायच्या. स्वीकृतिपत्रातली तारीख आणि पोर्टलवरची तारीख एकच आहे का? रोजचे तास गुणिले दिवस १२० होतात का, सुट्ट्या वगळून? आस्थापनेचं नाव पत्रात, नोंदणीत आणि पोर्टलवर सारखं आहे का? आणि मेंटॉरचा मोबाइल नंबर. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. काही मुलं मेंटॉरच्या जागी स्वतःचा किंवा मित्राचा नंबर टाकतात, म्हणजे मेंटॉरच्या लॉगिनचा ओटीपी घरीच येतो. यादी एक्सेलमध्ये उतरवून विद्यार्थ्यांचे आणि मेंटॉरचे नंबर एकमेकांशी जुळवून पाहिले की असे प्रकार लगेच सापडतात. दोन वेगळ्या आस्थापनांना एकच मेंटॉर-नंबर असेल तरी थांबा आणि विचारा.

परत पाठवताना शेऱ्यात नुसतं 'दुरुस्त करा' लिहू नका. 'पत्रात १५ मे आहे, फॉर्ममध्ये १२ मे आहे, पत्राप्रमाणे बदला' असं लिहा. नाहीतर तोच फॉर्म तीनदा फिरून येतो आणि तेवढे दिवस जातात.

'ड्राफ्ट' आणि 'सबमिट' यातला फरकही दाखवून द्या. "मॅडम, म्या भरला ना फॉर्म" म्हणणाऱ्या निम्म्या मुलांचा फॉर्म ड्राफ्टमध्येच पडलेला असतो.

६. मेंटॉरला हाताशी धरा

मोठ्या कंपनीत एचआर असतो, त्याला लिंक गेली की काम होतं. फक्त मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून फोन करून ठेवा.

इतवारीतल्या घाऊक दुकानाचं वेगळं. तिथले काका चाळीस वर्षं किर्दीवर हिशेब ठेवत आलेले. पोर कामाला लावतील, मनापासून शिकवतील, पण ओटीपीचा मेसेज बघणार नाहीत, आणि बघितला तरी फसवणूक समजून पुसून टाकतील. बरोबरच आहे त्यांचं, रोज तेच ऐकतात ना. अशा ठिकाणी मी पहिल्या आठवड्यात स्वतः जाते. दुपारी तीनच्या सुमारास, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. त्यांच्याच फोनवर एकदा लॉगिन करून दाखवते, डायरी कशी मंजूर करायची ते त्यांच्या बोटानं करवून घेते. वीस मिनिटं जातात आणि पुढचा महिना शांततेत जातो.

त्यांचा पासवर्ड विद्यार्थ्याला सांभाळायला देऊ नका. सोय म्हणून केलं जातं, आणि मग त्या डायरीला काही अर्थ उरत नाही.

७. डायरी दर शनिवारी बघा

बहुतेक पोर्टलवर मागच्या काही दिवसांचीच नोंद भरता येते, मग तो दिवस बंद होतो. मुलांना रोज संध्याकाळी पाच ओळी लिहायची सवय लावा. 'ऑफिसमध्ये काम केलं' ही नोंद मी परत पाठवते. 'एप्रिल महिन्याची ४२ खरेदी बिलं टॅलीत टाकली, तीन बिलांवर जीएसटी क्रमांक नव्हता, ती वेगळी काढून साहेबांना दाखवली' ही नोंद मला हवी. असं लिहिणाऱ्या मुलाला तोंडी परीक्षेत काही विचारावंच लागत नाही, तो आपणच बोलतो.

शनिवारी अर्धा तास काढा आणि तीन गोष्टी बघा: कुणाची नोंद चार दिवस नाही, कुणाच्या नोंदी शब्दशः सारख्या आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी कोण कामावर दिसतंय. एकदा ऑगस्टमधल्या बॅचच्या एका मुलानं तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीतल्या दुकानात आठ तास लिहिले होते. त्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, नेहरू पुतळ्याजवळ पाय ठेवायला जागा नसते, त्या भागात कुठलं दुकान उघडं असणार! मुलाला बोलावून विचारलं. त्यानं खरं सांगितलं: आठवड्याची डायरी एका बैठकीत भरली होती. काम केलेलं होतं, फक्त तारखा अंदाजानं टाकल्या होत्या. दुकानाच्या हजेरीवरून आम्ही त्या दुरुस्त केल्या. महिन्याच्या शेवटी सापडलं असतं तर सगळीच डायरी संशयात गेली असती.

उलट, सुट्टी रविवारीच असते असंही धरू नका. कारखान्यांची आणि बाजारांची साप्ताहिक सुट्टी वेगळी असू शकते. स्वीकृतिपत्रातच ती लिहून घ्या.

८. मुलं सुरक्षित आहेत ना

हा रकाना पोर्टलवर नसतो. माझ्या वहीत मात्र तो पहिल्या पानावर आहे.

आपल्याकडं ओजेटी ऐन उन्हाळ्यात येतं. मेमध्ये पारा ४५ च्या पुढं जातो, नवतपात तर दुपारी रस्ते ओस पडतात. खापरीपर्यंत मेट्रो आहे, पण बुटीबोरीला जायला तिथून पुढं बस किंवा कंपनीची गाडी लागते. दुपारी दोनची पाळी असलेल्या मुलांसाठी मी आस्थापनेशी बोलून सकाळची वेळ मागते. नऊपैकी सात-आठ जण तयार होतात, विचारावं मात्र लागतं. दुपट्टा, पाण्याची बाटली, रिकाम्या पोटी निघायचं नाही, हे आईनं सांगितलेलं असतं तरी तुम्हीही सांगा.

मुलींना आणि त्यांच्या पालकांना एक गोष्ट स्पष्ट माहीत हवी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक लोक काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागेसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. पहिल्या भेटीत मी समितीचा फलक लावला आहे का ते बघते. तुमचा स्वतःचा नंबर प्रत्येक मुलीकडं असू द्या, आणि "मॅडम, तिथं बरं नाही वाटत" एवढंच ती म्हणाली तरी कारण न विचारता जागा बदलून द्या. कारण नंतर कळतं.

९. जागा मध्येच सुटली तर

होतं असं. कारखाना बंद पडतो, मालक वारतो, काम संपतं. झालेल्या तासांचं पत्र लगेच घ्या, महिनाभरानं ते मिळत नाही. मग पोर्टलवर जुनी नोंद 'बंद' करून नवीन आस्थापनेची नोंद जोडा. जुनी नोंद पुसू नका. पुसली की तिच्याखालची डायरीही जाते. 'डिलीट' बटण दिसलं तरी आधी विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या तांत्रिक माणसाला विचारा.

१०. मूल्यमापन आणि गुण

विद्यार्थ्याचा अहवाल, मेंटॉरचं मूल्यमापन, तुमचे गुण, तोंडी परीक्षा. कुणाकडं किती गुण ते तुमच्या अभ्यास मंडळाच्या नियमात असतं, ते छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

गुण भरताना दोघांनी बसायचं. एकानं कागदावरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं भरायचं, मग उलट. गैरहजर आणि शून्य यांत फरक आहे, रिकामा रकाना तिसरीच गोष्ट. शेवटचं 'सबमिट' किंवा 'फ्रीझ' दाबलं की बदल तुमच्या हातात राहत नाही. त्यासाठी प्राचार्यांचं पत्र घेऊन विद्यापीठात जावं लागतं. म्हणून फ्रीझ करण्याआधी गुणांची प्रिंट काढा, रात्रभर तशीच राहू द्या आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी पुन्हा बघा. शेवटच्या दिवशी सर्व्हर मंदावतो, तेव्हा ही सकाळ हातात हवी असेल तर दोन दिवस आधी बसा.

११. फाइल बंद करताना

प्रत्येक विद्यार्थ्याची मंजुरी, डायरी आणि मूल्यमापन पीडीएफमध्ये उतरवून कॉलेजच्या संगणकावर ठेवा. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येते तेव्हा हेच मागतात आणि तोवर पोर्टल बदललेलं असू शकतं. फाइलच्या नावात वर्ष, वर्ग आणि हजेरी क्रमांक. निकालानंतर मुलांना डिजिलॉकरमधून एबीसी खात्यात क्रेडिट जमा झालं का ते पाहायला सांगा. ज्यांचं दिसत नाही त्यांची वेगळी यादी करून परीक्षा विभागात द्या, सोबत तुमच्या फ्रीझ केलेल्या गुणांची प्रिंट.

आणि ज्यांनी मुलं घेतली त्यांना फोन करा. हिंगण्याच्या त्या कारखान्यात मी जुलैच्या शेवटी गेले होते. लेखा विभागातल्या भाऊंनी चहा मागवला आणि म्हणाले, "पोरगी हुशार आहे मॅडम, आठ दिवस जास्तीचे आली तर आमचं जूनचं रिटर्नही तिच्याच हातून झालं. पुढच्या वर्षी दोघींना पाठवा. पण मार्चमध्येच सांगा, मेमध्ये आम्हाला वेळ नसतो." मी तिथंच वही उघडून मार्चच्या पानावर त्यांचा नंबर लिहून घेतला.